एकेकोला एकटं ओढू देऊ नये

शुक्रवारी माझ्या दुकानात सुट्ट्या सिगारेटी जास्त खपतात. रोजचे ओढणारे तर येतातच, पण शुक्रवारी ज्यांनी जन्मात कधी सिगारेट तोंडाला लावली नाही अशा बायाही एकेक घेऊन जातात, घरच्या एकेकोसाठी. "बेनिता, एक दे गं. आमच्या म्हाताऱ्याला तलफ आलीय." आणि मग आवाज खाली आणून, "चांगल्यातली दे. मागच्या खेपेची अर्ध्यातच विझली, आठवडाभर एक गिऱ्हाईक फिरकलं नाही."

म्हातारा म्हणजे एकेको, घरात भरभराट आणणारा मातीचा बाहुला. वीतभर उंच, मिशाळ, गुबगुबीत, दोन्ही हात पसरलेले आणि तोंडाला भोक. घरानं जे जे मागितलं असेल ते सगळं त्याच्या अंगावर लटकवलेलं असतं. पिठाची बोटाएवढी पोती, खेळण्यातली बस, कागदी नोटांच्या गड्ड्या, लोकरीचे गोंडे, रंगीत झिरमिळ्या. जानेवारीच्या जत्रेत जे लहान घ्यावं ते वर्षभरात मोठं होऊन घरात येतं, असं आम्ही ला पास शहराच्या वरच्या उंच पठारावरचे, एल आल्तोचे लोक मानतो. मीही मानते. माझ्या एकेकोच्या पाठीवर कित्येक वर्षं एक फ्रिज आहे, तो अजून मोठा झालेला नाही, ते सोडा.

शुक्रवारी त्याच्या तोंडात सिगारेट पेटवून ठेवायची. तो ओढतो, खरंच ओढतो. टोक लाल होतं, धूर निघतो. शेवटपर्यंत ओढली की आठवडा चांगला.

आमच्या भागात त्याला सिगारेट देऊन कुणी उठून जात नाही. हातात पाण्याची बशी धरून, संपेपर्यंत समोर बसतात. कुणालाही विचारा, ठासून सांगतील की आज्या-पणज्यांपासूनची रीत आहे. साफ खोटं. ही रीत माझ्या दुकानाच्या फळीवर कोपर टेकून सेवेरो कालिसायानं काढली, माझ्या डोळ्यांदेखत, आणि त्यातलं एक वाक्य तर माझंच आहे.

सेवेरो खाणकामगार. खाण बंद पडली, सरकारनं हजारो माणसांना जा म्हणून सांगितलं, तेव्हा जे लोंढे एल आल्तोला आले त्यातला तोही एक. बरोबर बायको इग्नासिया, गुंडाळलेली गादी, आणि घोंगडीत बांधलेला एकेको. माझ्या दुकानासमोर एका खोलीचं घर त्यानं स्वतः विटा रचून बांधलं. गवंडीकाम करायचा, पत्रे बसवायचा. बोलायचा कमी, आणि हसायचा तर जत्रेपुरता. कुणाच्याही घरात शिरला की आधी दारातच थांबून नाकानं हवा ओढायचा. खाणीतली सवय. इग्नासिया म्हणायची, "ह्यांना खाणीतून बाहेर काढलं हो, पण ह्यांच्यातली खाण कोण बाहेर काढणार?"

ती बोलकी होती. सकाळी कोपऱ्यावर जांभळ्या मक्याचं गरम आपी विकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायची. नवऱ्याची तर रोजच. तो ऐकून घ्यायचा. मला वाटतं त्याला तेच आवडायचं.

एका शुक्रवारी तिला ताप होता, ती झोपून होती. सेवेरोनं रोजच्यासारखी एकेकोच्या तोंडात सिगारेट पेटवून ठेवली. एकेकोची फळी पलंगाच्या डोक्याशीच होती. एका खोलीच्या घरात दुसरीकडे कुठे असणार? तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गॅसची गाडी आली. तेव्हा टंचाईचे दिवस होते. गाडीवरचा माणूस सिलिंडरवर पाना आपटत यायचा, टण टण टण, आणि तो आवाज कानावर पडला की माणसं हातातलं टाकून पळायची. गाडी चुकली की आठवडाभर थंड खा. सेवेरोनं रिकामा सिलिंडर खांद्यावर मारला, बायकोला म्हणाला, "आलोच," आणि धावला.

रांगेत तो माझ्या पुढेच होता. रांग लांब होती.

परत आलो तेव्हा त्याच्या घराला आग लागलेली नव्हती. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं ह्यावरच आहे. जाळ नाही, ज्वाळा नाही, पत्रासुद्धा गार. दाराच्या फटीतून राखाडी धूर तेवढा येत होता. आत गादीला पंजाएवढं काळं भोक पडलेलं, कडा लाल, आतला पेंढा हळूहळू धुमसत होता. इग्नासियाच्या अंगावर एक चटका नव्हता. कूस बदलून झोपल्यासारखी पडली होती. सेवेरोनं तिला उचलून रस्त्यावर आणलं, तिच्या तोंडात स्वतःचा श्वास घालत राहिला, आणि शेवटी आम्ही त्याचे हात सोडवले.

आता आमच्या लोकांचं डोकं बघा. इथं प्रत्येकाची पक्की समजूत आहे की एल आल्तोत आग लागत नाही. हवाच कुठे आहे लागायला? एवढ्या उंचावर बटाटा शिजायला अर्धा दिवस लागतो, काडी पेटवायला तीनदा घासावी लागते, मग घर कसं जळेल? गादीच्या भोकापलीकडे जळालेलं काही दिसलंही नव्हतं. मग सगळ्यांनी ठरवून टाकलं की ताप डोक्यात गेला. काहीजणी म्हणाल्या, एकेको बायकांचा मत्सर करतो, त्याच्या फळीखाली आजारी बाईला झोपवायलाच नको होतं. सेवेरो एवढंच म्हणायचा, "सिगारेट पडली, धूर कोंडला. मी बाहेर होतो." लोक त्याच्या पाठीवर थोपटायचे आणि दुसरं बोलायला लागायचे.

त्यानं स्वतःची सिगारेट त्या दिवशीच सोडली. एकेकोला मात्र टाकलं नाही. त्याचा एक गाल धुरानं काळा झाला होता. तो पुन्हा फळीवर ठेवला, तोंड भिंतीकडे करून. त्यानंतर त्याला कधी काही दिलं नाही, ना सिगारेट, ना कागदाची नोट.

मग तो दारोदार फिरायला लागला. "सिगारेट देऊ नका. द्यायचीच तर त्याला खाली परातीत बसवा. त्याच्या अंगावरचे कागद काढा." दुःखी माणूस म्हणून पहिल्यांदा लोकांनी ऐकून घेतलं. एकेकोच्या अंगावरचे कागद काढा म्हटल्यावर बायांचे चेहरे बदलले. नोटा काढायच्या? आपल्या हातानं दौलत उतरवायची? आणि पोरं तर काय, तोंडाला येईल ते. "काका, आग लावायचीय तर आधी खालून ला पासहून पोतंभर हवा आणा!" तो उत्तर द्यायचा नाही. पुढच्या दारावर जायचा.

सगळ्यात जास्त त्याला काळजी होती मेलानियाच्या घराची.

मेलानिया माझ्यापासून दोन घरं पलीकडे. मशीनवर स्वेटर विणायची. पुढच्या खोलीत लोकरीच्या पिशव्या छताला टेकलेल्या, मधे मशीन, आणि पिशव्यांच्या वर फळीवर एकेको. मागच्या खोलीत तिची आई, त्रिफोना आजी. आजीचं कमरेखालचं अंग गेलेलं होतं. बाहेर पडायला वाट एकच, ती लोकरीतून. दर शुक्रवारी मेलानिया एकेकोला सिगारेट पेटवून द्यायची, बाहेरून कुलूप घालायची आणि स्वेटरांचं गाठोडं पाठीला बांधून मिनीबसनं खाली ला पासला माल द्यायला जायची. आई आत. कुलूप चोरांसाठी, आई तशीही उठणार नव्हतीच.

सेवेरोनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या दुकानात येऊन खोक्यावर बसला. "बेनिता," म्हणाला, "म्हातारी इग्नासियासारखी जाईल. आणि लोक म्हणतील वय झालं होतं."

"मग सांगा तिला."

"सांगितलं."

सांगितलं होतं, आणि तिनं त्याला हाकलून दिलं होतं, तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "माझ्या घरात अपशकुन बोलू नका! तुमचं झालं ते झालं, मला कशाला घालता त्यात? मी काम करू की बाहुल्यापुढे बसून राहू?" मेलानिया वाईट नव्हती. एकटीनं घर ओढणारी बाई, जिभेला धार यायचीच.

मग सेवेरोनं दुसरंच सुरू केलं. शुक्रवारी मेलानिया मिनीबसमध्ये चढली की हा जाऊन तिच्या खिडकीपाशी उभा. फटीला नाक लावून. सिगारेट संपल्याचा वास येईपर्यंत तिथून हलायचा नाही. गल्लीला विषय मिळाला. विधुर माणूस, बाईमाणसाच्या खिडकीशी, काय म्हणायचं ते म्हणा. आतून त्रिफोना आजी ओरडायची.

"कोण मेलंय तिथं?"

"मी, सेवेरो."

"काय करतोस रे?"

"वास घेतोय."

"म्हातारीच्या घराचा वास घेतोय! अरे, जरा तरुण बायकांच्या खिडक्या बघ की!" आणि आजी आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसायची. दिवसभरात तिच्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस.

मी एकदा त्याला विचारलं, "आणि खरंच पडली सिगारेट, तर तुम्ही बाहेरून करणार काय? खिडकीला गज, दाराला कुलूप."

"माहीत नाही," म्हणाला.

नंतर त्याला खाली शहरात एका मोठ्या इमारतीवर काम लागलं. सोमवार ते शनिवार. म्हणजे शुक्रवारी खिडकीशी कुणी नाही. मला म्हणाला, तू उभी राहशील का? मी म्हटलं, अहो, मी दुकान टाकून दुसऱ्याच्या भिंती हुंगत बसू? चिडले मी. खरं तर मला भीती वाटली होती, कारण इग्नासिया गेली त्या दिवशी गॅसच्या रांगेत मीही होते.

कामाचा पहिला शुक्रवार आला. सेवेरो डबा घेऊन माझ्या फळीशी उभा होता, गालात थकवा मारणारी कोकाची पानं, जायला निघालेला. तेवढ्यात मेलानिया आली. पाठीला गाठोडं, कपाळाला आठ्या.

"बेनिता, एक सिगारेट. लवकर, बस येतेय." मग सेवेरोकडे बघून, "आज माझ्या खिडकीला सुट्टी का, काका?"

सेवेरो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझा बाप खाणीत होता ना?"

"होता. मग?"

"शुक्रवारी ते तीओला सिगारेट द्यायचे." तीओ म्हणजे खाणीतला खालचा मालक; मातीचा, शिंगं असलेला, अंधारात बसलेला. खनिज त्याचं, माणसं घ्यायला आलेली.

"द्यायचे. सगळेच देतात."

"आणि तो ओढत असताना उठून जायचे?"

मेलानियाचा हात सिगारेटवर थांबला. "नाही... बसायचे. संपेपर्यंत. बाबा सांगायचे."

"का बसायचे?"

"का म्हणजे? बसायचे."

"मालकाला सिगारेट पेटवून दिली आणि पाठ फिरवून चालू लागलं, तर मालक देईल काही?"

"तो तीओ. माझ्याकडे आहे तो एकेको."

"भाऊच की ते," सेवेरो म्हणाला.

मी तराजू पुसत होते, ते फडकं माझ्या हातातून पडलं. सेवेरो कालिसाया आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. त्याला येतच नव्हतं; इग्नासियानं कालवणात मीठ जास्त पडलंय का विचारलं तर हा हो म्हणायचा आणि ओरडा खायचा.

"भाऊ?" मेलानिया म्हणाली. "हे कुणी सांगितलं?"

"खाणीतले म्हातारे सांगायचे. थोरला जमिनीखाली, धाकटा घरात. धाकटा जास्त तापट. तू त्याला सिगारेट देतेस आणि बाहेरून कुलूप घालतेस, मेलानिया. पाहुण्याला कोंडून ठेवल्यासारखं. आणि वर म्हणतेस, धंदा का बसला."

तिचा धंदा बसलेलाच होता. गल्लीत कुणाचा उभा होता? पण तीर बरोबर लागला. ती सिगारेट बोटांत फिरवत राहिली.

"त्याची राख खाली पडू द्यायची नाही," सेवेरो पुढे म्हणाला. आता तो थांबायलाच तयार नव्हता. "राख जमिनीवर सांडली की घरात येणारं सांडलं. खाली बशी धरायची. बशीत पाणी."

"पाणी कशाला?"

इथं तो अडकला. मला दिसलं, पुढचं काही तयारच नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसं.

"अगं, एवढं ओढल्यावर तहान लागणार नाही का त्याला?" मी म्हटलं.

मेलानियानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "थापा मारताय," म्हणाली. पण मिनीबस आली आणि ती चढली नाही. गाठोडं पाठीवर घेऊन घरी परत गेली. सेवेरोही हलला नाही. ती पुन्हा बाहेर येऊन कुलूप घालेपर्यंत तो तिथंच पानं चघळत उभा. कामावर उशिरा पोचला, मुकादमानं दारातूनच परत पाठवलं. त्या इमारतीचं काम गेलं. संध्याकाळी मात्र त्यानं खुशीत माझ्याकडून लिमलेटच्या गोळ्या घेतल्या.

पहिले काही शुक्रवार मेलानिया रागारागानं बसली. हे मला आजीनंच सांगितलं. बशी धरून भिंतीकडे बघत, पाय हलवत. मग बसल्या-बसल्या आतल्या खोलीकडे तोंड करून काहीबाही बोलायला लागली. मग एकदा मधलं दार सताड उघडलं आणि आईचा पलंग असा सरकवला की एकमेकींचं तोंड दिसेल. मी आजीसाठी मऊ पाव घेऊन गेले होते तेव्हा आजी माझं मनगट धरून म्हणाली, "बेनिता, तो मेला बाहुला ओढतो ना, तेवढा वेळ माझी पोर माझी असते. लांबातली लांब सिगारेट देत जा तिला."

मी तेव्हापासून लांबातली देत गेले.

ऑगस्टमध्ये वारा सुटतो. पत्रे रात्रंदिवस वाजत असतात, आणि सेवेरोला काम असतं ते त्याच दिवसांत. एका शुक्रवारी तो पलीकडच्या घरावर खिळे ठोकत होता. मेलानिया रस्त्यावरून धावत आली. कोपरापर्यंत भिजलेली, हातात रिकामी बशी, एका पायात चप्पल.

"पडली!" खालून ओरडली. "काका, पडली! लोकरीत!"

सेवेरो शिडीवरून उतरला की घसरला, मला सांगता येणार नाही. "आजी?" एवढंच म्हणाला.

"आई शिव्या घालतेय. तिच्या पांघरुणावर पाणी उडालं." मेलानिया हसत होती आणि तिचे दात वाजत होते. "त्याच्या तोंडाचं भोक मोठं झालंय. बशीच्या बाजूनं गेली, पिशवीत. काका, काही दिसलं नाही हो! जाळ नाही, काही नाही. पिशवीतून एवढीशी धुराची रेघ. मी बशी ओतली, मग बादली ओतली. आत हात घातला तर आतली लोकर गरम. वरून थंड आणि आत गरम! मी बसमध्ये असते तर..."

सेवेरो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला, टोपी तोंडावर ओढून घेतली आणि रडला. सगळ्यांसमोर, आवाज काढून. इग्नासियाला पुरताना तो रडला नव्हता. आम्ही कुणी पत्र्याकडे बघितलं, कुणी आभाळाकडे.

शेवटी मेलानियानंच विचारलं, "काका, तो रागावला का? मी तर बसले होते."

सेवेरोनं टोपीनं नाक पुसलं. "रागावला नाही. बघत होता, लक्ष आहे का तुझं."

ह्या वेळी अडखळला नाही. थापा मारायला शिकला होता गडी.

बातमी संध्याकाळपर्यंत चार गल्ल्या गेली. मेलानियाच्या एकेकोनं तिची परीक्षा घेतली! त्यानंतर मला फार कष्ट पडले नाहीत. सिगारेट देताना नुसतं म्हणायचं, "बशी आहे ना घरी?" पुढच्या वस्तीतून बाया विचारायला यायच्या, पाणी साधं चालेल की बडीशेपेचं. मी म्हणायचे, साधं, पण भरपूर. बघता बघता ती रीत झाली, आणि रीत झाल्यावर ती जुनी व्हायला काय वेळ लागतो? आता माझी नात शाळेतून शिकून येते आणि मलाच सांगते, आजी, आपले पूर्वज असं करायचे. मी म्हणते, हो का गं?

त्रिफोना आजी पुढे चांगली चार-पाच वर्षं जगली. गेली ती पलंगावर, स्वच्छ हवेत, लेकीला काहीतरी वाकडं बोलता बोलता.

सेवेरोच्या छातीत खाणीची धूळ होतीच. ती हळूहळू वर आली. आधी शिडी सुटली, मग कोपऱ्यापर्यंत चालणं सुटलं. मेलानिया त्याला चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेला बटाटा, घातलेलं सूप नेऊन द्यायची, मी पाव. तो तक्क्याला टेकून बसलेला असायचा, आणि आम्ही दारातून आत शिरलो की अजूनही आधी हवा हुंगायचा.

एका शुक्रवारी दुपारी त्यानं मला बोलावून घेतलं. "एक सिगारेट घेऊन ये."

"तुम्हाला? डॉक्टर मला उभी चिरतील."

"मला नाही." त्यानं फळीकडे मान केली. "त्याला."

एकेको भिंतीकडे तोंड करून होता, इग्नासिया गेली तेव्हापासून. पाठीवर बोटभर धूळ. मी म्हटलं, "आज अचानक कशाला हो?"

"त्या दिवशीची राहिलीय," सेवेरो म्हणाला.

मी जाऊन सिगारेट आणली, आणि मेलानियालाही हाक मारली. मला एकटीनं ते जमणार नव्हतं. ती स्वतःची बशी घेऊन आली. तिनं एकेकोला खाली काढलं, फुंकर मारली, स्टुलावर ठेवून सेवेरोकडे वळवलं. काळा गाल तसाच होता. अंगावरच्या नोटा धुरानं काळवंडून गेल्या होत्या, एक इवलासा सिलिंडर तेवढा दोऱ्यात लटकलेला. इग्नासियानं घेतला असणार, टंचाईत. मी काडी ओढली. तिसऱ्या घासण्याला पेटली.

सेवेरोला बशी स्वतः धरायची होती. मेलानियानं खालून आपला हात लावला. एकेको ओढायला लागला. धूर वर गेला तसा सेवेरो खोकला, पण नजर काढली नाही.

"मेलानिया," थोड्या वेळानं म्हणाला, "ती रीत... खाणीतले म्हातारे वगैरे कुणी नाही. मीच तुला..."

"काका, बशी सरळ धरा," मेलानिया म्हणाली. "राख सांडेल."

सिगारेट अर्ध्यावर आली आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला. टण टण टण. गॅसची गाडी. माझा सिलिंडर सकाळीच संपला होता, मेलानियाचा आदल्या दिवशी. बाहेर दारं उघडली, माणसं धावायला लागली, रिकामे सिलिंडर फरशीवर खडखडले. सेवेरोची नजर दाराकडे गेली. बशीतलं पाणी थरथरलं. त्याचे ओठ हलले, आणि तो काय म्हणणार होता ते मला माहीत होतं, कारण रांगेत तो ते पुन्हा पुन्हा म्हणत होता: आलोच म्हणून सांगितलंय तिला.

त्यानं नजर पुन्हा सिगारेटवर आणली. मेलानियानं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. गाडी खिडकीखालून गेली, पाना वाजत राहिला, मग पुढच्या गल्लीत वाजला, मग लांब.

सिगारेट पार टोकापर्यंत आली. सेवेरोनं स्वतःच्या बोटांनी ती एकेकोच्या तोंडातून काढली आणि पाण्यात धरली. चर्र झालं. विझली की नाही हे त्यानं चिमटीत दाबून पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं.

"झालं, इग्नासिया," म्हणाला.

मग बशी मेलानियाच्या हातात दिली आणि मागे टेकला. "जा आता. सिलिंडर घेऊन या."

"गाडी गेली, काका."

"गेली?"

"गेली."

"जाऊ दे," सेवेरो म्हणाला.